दोनशे माणसांचं जहाज की चार हजारांचं? (बाल्टिक, पुढचा जून)

सुरसागरकाठची (बडोदे)

नमस्कार मंडळी. इथे गेली सहा-सात वर्षं नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते. लांबला तर सांभाळून घ्या.

मी बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून निवृत्त झाले. आत मजल्यांना जाड काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरावा म्हणून. बत्तीस वर्षं मी त्या काचेवर चालले. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायच्या आधी चार पानं चाळायची खोड मला तिथेच लागली, आणि त्या खोडीत एकदा हान्सा हाती लागली. हान्सा म्हणजे उत्तर जर्मनी आणि बाल्टिक किनाऱ्यावरच्या व्यापारी शहरांची जूट. ल्युबेक, व्हिस्बी, रीगा, टॅलिन, ग्दान्स्क. वर कोणी राजा नाही, पण पेढ्या, वखारी आणि पत अशी की राजांनी वचकून राहावं. नॉर्वेतल्या बर्गनच्या वखारीत तर जर्मन व्यापाऱ्यांना लाकडी घरात चूल पेटवायची मुभा नव्हती, आगीच्या भीतीने. स्वयंपाक आणि ऊब वेगळ्या इमारतीत. हे वाचल्यापासून मला ती घरं पाहायची आहेत. मांडवीत सराफांच्या ओट्यांवरून जाताना मला हमखास ल्युबेक आठवतं, न पाहिलेलं.

आता पैसे आहेत, मुलगी मार्गी लागली आहे, आणि आमचे हे अखेर "चल" म्हणाले आहेत. (लाइट खात्यात होते. कुठल्याही गोष्टीला होकार द्यायला त्यांना सरासरी तीन वर्षं लागतात.)

दोन कोटेशनं आली आहेत. पहिलं मोठ्या जहाजाचं: सात रात्री, चार हजार माणसं, माणशी एक लाख सत्तर हजार. दुसरं छोट्या जहाजाचं: कोपनहेगन ते स्टॉकहोम दहा रात्री, जेमतेम दोनशे माणसं, रोज संध्याकाळी इतिहासाचं व्याख्यान, माणशी पावणेपाच लाख. विमान दोन्हीत वेगळं. गावातल्या ज्या एजंटाने ही दिली तो म्हणतो, "बघायचं सगळं तेच, मॅडम. छोट्यात फक्त शांतता जास्त." शांततेचे तीन लाख? तेवढ्यात मी घरी बसून ह्यांना गप्प करीन.

पण मग मी नकाशा काढून बसले. मोठ्या जहाजाच्या यादीत पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत "बर्लिन". अहो, बर्लिनला समुद्र आला कुठून? एजंटाला विचारलं तर म्हणाला, "तिथून बस असते ना." तेव्हापासून माझा त्या यादीवरचा विश्वास उडाला आहे आणि दुसऱ्या यादीवरही बसत नाहीये.

आमच्या अडचणीही सांगून ठेवते. ह्यांचा उजवा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. मला घाटात बस लागते, मग समुद्र किती लागेल देव जाणे. दोघं शाकाहारी, अंडं चालतं. लीलो चिवडा आणि भाकरवडी सोबत नेऊच, पण दहा दिवस त्यावर निघणार नाहीत. आणि हे रात्री अकराला कोरा चहा घेतात, त्यासाठी छोटी किटली घेऊन जायचा बेत आहे.

कोणी खरोखर गेलेलं आहे का? तीन लाख जास्त घेऊन छोटं जहाज नेमकं काय जास्त देतं?

राजवाड्यामागचा (इंदूर)

ताई, पावणेपाच लाखांत मी अख्ख्या सराफ्याला वर्षभर भुट्ट्याचा कीस खिलवीन.

गंमत सोडा. मला कळत नाही की क्रूझच कशाला? ती शहरं एकमेकांना रोजच्या बोटींनी जोडलेली आहेत. स्टॉकहोमहून टॅलिनला रात्रीची बोट आहे, संध्याकाळी बसा, सकाळी उतरा. व्हिस्बीला जायला नीनेसहाम्न बंदरातून तीन-साडेतीन तास. तिथले लोक आपण महू-इंदूर करतो तसे त्या बोटींत बसतात. तिकिटं काढा, हॉटेलं करा, अर्ध्याहून कमी पैशात परत या.

जुना चीफ (बडोदे, कारेलीबाग)

वहिनी, आधी एक खुलासा. मी जहाजावर पाहुणा म्हणून कधीच गेलो नाही. अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन-रूममध्ये काढली. त्यामुळे व्याख्यान, जेवण, पडद्यांचा रंग यांतलं मला विचारू नका. पण ज्या समुद्रात तुम्ही जाताय तो माझ्या पायाखालून बराच गेलाय.

एजंटाला फक्त एक कागद मागा: प्रत्येक बंदरात जहाज कुठल्या धक्क्याला लागणार, किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार. शहराचं नाव नको, धक्क्याचं नाव हवं. तुमचं ते "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंडे बंदर. तिथून बर्लिन गाठायला तीन तास, यायला तीन. "स्टॉकहोम" लिहिलेलं असतं तिथे मोठी जहाजं काही वेळा वर इंदूरकरांनी सांगितलेल्या नीनेसहाम्नलाच लागतात, शहरापासून साठेक किलोमीटरवर. "ग्दान्स्क" म्हणजे पुष्कळदा शेजारचं ग्दिनिया. मोठ्या जहाजाला पाणी खोल लागतं, वळायला जागा लागते, आणि चार हजार माणसं एका सकाळी ओतायला बसगाड्यांची रांग लागते. गावाच्या आतल्या धक्क्यावर हे मावत नाही. छोट्याचा बुडीत भाग चार-पाच मीटर, ते नदीतून वर सरकतं. तुम्ही त्या तीन लाखांत शांतता घेत नाही, तास घेताय. ते तास खरोखर मिळताहेत का, हे त्या कागदावरून कळेल. आणि छोट्याकडूनही कागद मागाच. ल्युबेक लिहून पलीकडे ट्राव्हेम्युंडेला उतरवणारे असतात. तेही वीसेक किलोमीटर लांब.

आणखी एक. जुन्या माहितीपत्रकात सेंट पीटर्सबर्ग दिसलं तर ते पत्रक फेकून द्या. 2022 पासून तिकडे क्रूझ जात नाही.

आता पोटाचं. छोटं जहाज जास्त डोलतं हे खरं, पण बाल्टिक म्हणजे जवळजवळ बंद तळं. भरती-ओहोटीसुद्धा नावापुरती. जूनमध्ये बहुतेक दिवस तुमच्या सुरसागर तलावासारखं. (लाट येते तेव्हा आखूड आणि ताठ येते, तेवढं मात्र लक्षात ठेवा.) डेन्मार्क ओलांडून उत्तर समुद्रात किंवा नॉर्वेच्या उघड्या किनाऱ्याला गेलात की खेळ वेगळा. तिथे श्टाट नावाचं एक टोक आहे, त्याला वळसा घालताना मी आमच्या बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, भिंतीशी बोलताना पाहिलंय. तुमच्या मार्गात ते नाही. केबिन घ्यायची खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर. गच्चीवाली वरची केबिन महाग असते आणि तीच सगळ्यात जास्त झुलते.

किटली नेऊ नका. जहाजावर कोणी केबिनमध्ये किटली, इस्त्री, इमर्शन रॉड लावू देत नाही, पहिल्याच तपासणीत काढून घेतील. आमच्या धंद्यात पाण्यापेक्षा आगीला जास्त भितात. साहेबांना सांगा, अकराचा कोरा चहा बारवर मागायचा, लाजायचं नाही.

जमलं तर जर्मनीतल्या कील कॅनॉलमधून जाणारी फेरी बघा. हॅम्बुर्गकडून बाल्टिकमध्ये येणारी छोटी जहाजं तिथून येतात. 1895 साली उघडला, साधारण 98 किलोमीटर. डेन्मार्कचा वळसा वाचतो. वरून जाणाऱ्या पुलांच्या उंचीमुळे चाळीस मीटरच्या वरची जहाजं त्यातून जाऊच शकत नाहीत, म्हणजे चार हजारवालं बाद. वेग इतका कमी की काठावरचा सायकलवाला पुढे जातो. रेन्ड्सबुर्गला 1913 चा लोखंडी रेल्वेपूल आहे, आणि त्याच पुलाला दोरांनी टांगलेला एक पाळणा माणसं-गाड्या घेऊन या काठाहून त्या काठाला जातो. पुलाजवळ काठावर एक जागा आहे, तिथले लोक येणाऱ्या जहाजाचं निशाण बघून त्या देशाचं राष्ट्रगीत लावतात.

आमच्या जहाजावर तिरंगा होता. मी खाली, कॅनॉल पार होईपर्यंत कंट्रोल-रूम सोडायची नाही असा नियम. वरून, जहाज हाकतात त्या खोलीतून, सेकंड ऑफिसरचा फोन आला, "चीफ, आपलं वाजतंय." मी म्हटलं, मला काय उपयोग. तर त्याने रिसीव्हर दाराबाहेर धरला. इंजिनाच्या धडधडीत पहिलं काहीच लागेना, शेवटची चढत जाणारी ओळ तेवढी कानात आली. माझा फिटर केरळचा होता, हात तेलाने माखलेले, तो तसाच सरळ उभा राहिला. मी फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, आता पंप बघ.

सुरसागरकाठची

काका, तुमचं "धक्क्याचं नाव" मी कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलं आहे. किटलीचं ह्यांना सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग जायचं कशाला?"

इंदूरकर, तुमचं गणित बरोबर आहे, पण रोज सामान बांधणं-सोडणं आणि गुडघा हे एका वाक्यात बसत नाही. आणि मला ते संध्याकाळचं व्याख्यान हवंय हो.

लष्करची माई (ग्वाल्हेर)

मी आणि माझी धाकटी बहीण 2018 च्या ऑगस्टमध्ये गेलो होतो. पण तुमच्या दोन्हींपेक्षा लहान बोटीवर, स्वीडनच्या योटा कॅनॉलमधून, स्टॉकहोम ते गोथेनबर्ग. बोटीचं नाव युनो, बांधणी 1874 ची. चूक नाही, अठराशे चौऱ्याहत्तर. आमच्या जयविलास महालाच्याच वयाची.

केबिन सांगू? रेल्वेचा दोन बर्थचा कुपे डोळ्यासमोर आणा. खाली एक बर्थ, वर एक, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. संडास-न्हाणी बाहेर पॅसेजमध्ये, सगळ्यांना मिळून. मोठी सूटकेस आत आली की माणसाने बाहेर जायचं. पहिल्या रात्री बहीण वरच्या बर्थवरून म्हणाली, "ताई, एवढे पैसे भरून आपण झाँसी पॅसेंजरमध्येच झोपलोय." लिफ्ट नाही, जिने उभे. तुमच्या साहेबांच्या गुडघ्याचं वाचून हे आधी लिहिते, नंतर दोष नको.

पण काय पाहिलं! कॅनॉल 190 किलोमीटरचा, 58 लॉक्स. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं, बोट आपोआप वर. बेर्ग नावाच्या गावी अशा सात पायऱ्या ओळीने आहेत. बोट आणि दगडी भिंत यांच्यात दोन्हीकडे वीतभर फट. मी कठड्यावरून हात लांब केला तर ओलं शेवाळ हाताला लागलं, आणि खलाशी पोराने लगेच "नो, नो" करून हात आत घ्यायला लावला. त्याचं बरोबर होतं, बोटं गेली असती. बोट चढत असते तेव्हा खाली उतरून काठाने चालायचं, पुढच्या लॉकवर परत चढायचं. आम्ही पुढे, बोट मागे. काठावर गायी.

ज्याने हा कॅनॉल काढला तो बाल्ट्सार फोन प्लाटेन. 1810 मध्ये खोदाई सुरू झाली, बरीचशी सैनिकांच्या फावड्यांनी. 1832 मध्ये पूर्ण झाला, आणि तो 1829 मध्येच गेला. मोताला गावी कॅनॉलच्या काठावरच त्याला पुरलं आहे, बोट जवळून जाते. पुढे तीसेक वर्षांत रेल्वे आली आणि मालवाहतूक गेली. आज तेच अंतर ट्रेन तीन तासांत कापते, आम्हाला चार दिवस लागले. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. बहिणीला नाही वाटलं, ती म्हणाली सरकारी काम आहे, असंच होतं.

फोर्सविकच्या लॉकवर गावातली काही मंडळी उभी होती. रानफुलं दिली आणि गाणं म्हटलं, त्यांच्या देवाचं. ही रीत फार जुनी म्हणे. आम्हा दोघींना काय द्यावं सुचेना. बहिणीने पर्समधून गजकचं पाकीट काढलं आणि त्या म्हाताऱ्या बाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उघडून बघितलं, वास घेतला, आणि सगळ्यांना एकेक तुकडा वाटला. प्रसादासारखा.

जेवणाचं: शाकाहारी आहोत हे बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, तिथे गेल्यावर नाही. आम्हाला रोज वेगळं केलं, उपाशी राहिलो नाही. फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. स्वीडिश लोक बटाट्याला शेपू घालतात. काकडीला शेपू, सॉसला शेपू, ब्रेडवरच्या चीजवर शेपू. माझी बहीण शेपूची भाजी शिजत असली तर घराबाहेर जाऊन उभी राहणारी. चार दिवस ती ताटातली हिरवी काडी न काडी वेचून माझ्या ताटात टाकत होती. नॉर्वेला गेलात तर तिथलं तपकिरी चीज नक्की खा. दुधाचं पाणी आटवून आटवून करतात, थेट खरपूस खव्यासारखं लागतं.

व्याख्यानाचं मात्र जपून. आमची गाइड फार छान होती, पण परतीच्या विमानात भेटलेल्या एका जोडप्याला, दुसऱ्या महागड्या छोट्या जहाजावर, व्याख्यानाच्या नावाखाली रोज उद्याच्या सहलींची जाहिरात ऐकवली होती. तेव्हा विचारा: बोलणारा कोण, काय शिकलेला, शहरात आपल्यासोबत चालणार का, की नुसता जहाजावर बोलणार.

गोथेनबर्गला एक दिवस जास्त ठेवला होता, तिथल्या निसर्ग-संग्रहालयात भुसा भरावा तसा अख्खा निळा देवमासा आहे. 1865 मध्ये किनाऱ्याला अडकला होता, पिल्लूच, पण सोळा मीटर. कातडं लाकडी सांगाड्यावर ताणून खिळे मारलेत आणि जबडा बिजागरीने उघडतो. आत बसायला बाकं केली आहेत. स्वीडिशमध्ये देवमाशालाही "वाल" आणि निवडणुकीलाही "वाल", म्हणून निवडणुकीच्या दिवशी लोकांना आत सोडतात. आम्ही गेलो तेव्हा निवडणुकीला काही दिवस होते. बाहेरूनच पाहिला.

राजवाड्यामागचा

माईंचा प्रतिसाद वाचून मी माझा क्रूझविरोधी अर्ज मागे घेतो.

व्हिसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, गेल्याच वर्षी मुलाकडे जाताना करून झालंय. तुमच्या मार्गातले सगळे देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एकच व्हिसा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्याच पडल्या तर ज्या देशात आधी पाऊल, तो. जहाजाच्या कंपनीकडून कुठली रात्र कुठल्या बंदरात याचा कागद घ्या, तो जोडावा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, जूनची गर्दी बघता उशीर नको. फी 90 युरो, आणि 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतल्यावर निदान तीन महिने चालणारा हवा. फेरीत एडिंबरा वगैरे घुसडलं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. मग शेंगेनमध्ये परत शिरायला एकाहून जास्त प्रवेशांचा घ्यावा लागतो, तिथे लोक फसतात.

स्वीडनमध्ये नोटा बदलून नेऊ नका. चहाच्या टपरीवरसुद्धा कार्डच मागतात. आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, जूनमध्ये स्टॉकहोमला सूर्य पहाटे साडेतीनला उगवतो आणि रात्री दहापर्यंत जात नाही.

सुरसागरकाठची

सगळ्यांचे आभार. काल एजंटाकडे जाऊन आले. म्हटलं, धक्क्यांची नावं आणि वेळा हव्यात. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जहाजाचं आरसी बुक मागितलं. मग मुंबईला फोन लावला. तासाभराने उत्तर आलं.

मोठं जहाज: आठ बंदरांपैकी तीन गावापासून लांब, आणि टॅलिनला पाच तास. छोटं: ग्दान्स्कला गावाजवळ, व्हिस्बीला रात्रभर मुक्काम, टॅलिनला सकाळी आठ ते रात्री दहा. ल्युबेकसाठी मात्र काका म्हणाले तेच, ट्राव्हेम्युंडे. पण पूर्ण दिवस आहे, लोकल ट्रेनने जाऊ. व्याख्यान देणाऱ्या बाई हान्सावरच संशोधन केलेल्या आहेत आणि व्हिस्बीच्या तटबंदीवरून सोबत चालणार आहेत. लिफ्ट आहे. खालच्या मजल्यावरची मधली केबिन घेतली तर माणशी चाळीस हजार कमी. गच्ची नाही, एक गोल खिडकी. ॲडव्हान्स भरला.

माई, तुमचा देवमासा मी ह्यांना वाचून दाखवला. कामाटीबागेतल्या संग्रहालयात आमचाही एक आहे, 1944 साली महीच्या मुखाशी वाहून आलेला. पण आमच्याकडे नुसती हाडं. लहानपणापासून शंभरदा पाहिलाय. रविवारी हे म्हणाले, चल, बघून येऊ. तिथे त्यांनी शेपटापासून तोंडापर्यंत पावलं मोजली, एकोणतीस भरली, गुडघेदुखीची पावलं. मग रखवालदाराला विचारलं, याचं कातडं कुठे गेलं? त्याला काय माहीत असणार.

आता म्हणतात, जहाज स्टॉकहोमला सोडल्यावर तीन तासांची ट्रेन घेऊन गोथेनबर्गला जाऊ. मी विचारलं, आणि कॅनॉलची ती जुनी बोट? म्हणाले, वरच्या बर्थवर कोण चढणार ते आधी ठरव.